गेम खेळताना मधूनच स्क्रीन जाते? नवीन ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एवढं तपासून बघा

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेमिंगचे डेस्कटॉप जोडून देणं आणि बिघडलेले सरळ करणं, हेच दिवसभराचं काम. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, सगळीकडून लेकरं येतात आणि बाराही महिने एकच तक्रार सांगतात: "दादा, मधूनच स्क्रीन काळी व्हायली. कधी व्हायली, कधी नाही."

हा 'कधी कधी'चा बिघाडच सगळ्यात जास्त पैसे खातो. कायमचा मेलेला भाग अर्ध्या तासात सापडतो. मधूनच दगा देणारा भाग दुकानात आणला की गुमान चालतो. मग माणूस कंटाळतो, अंदाजाने काहीतरी महागडं बदलतो, आणि ते बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग असतं.

दिवाळी झाल्यावर एक मामा मुलाला घेऊन आले. मोंढ्यात सोयाबीन घातलं होतं, पट्टीचे पैसे खिशात होते. "कार्ड जळालं म्हणायलेत. २३ हजार सांगायलेत. नवीन टाकून द्या, पोरगं नीट जेवंना गेलंय." मी म्हटलं, "मामा, पैसे खिशातच राहू द्या, आधी मशीन बघू." त्यांच्या मशीनचं काय निघालं ते पुढे सांगतो. तुमच्या घरात असाच खर्च दारात उभा असेल, तर त्याआधी हे वाचून घ्या.

लक्षण नीट ओळखा

'डिस्प्ले जातो' म्हणून येणारे आजार वेगवेगळे असतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते, आपोआप परत येते आणि तेवढ्यात गेम, आवाज, सगळं चालूच असतं. हा बहुतेक वेळा केबलचा, पोर्टचा किंवा घरातल्या विजेचा प्रश्न असतो. कार्ड यात क्वचितच दोषी.

स्क्रीन काळी होऊन 'नो सिग्नल' येतं, आवाज थोडा वेळ चालतो किंवा एकाच सुरात अडकतो, कार्डाचे पंखे एकदम भणाणतात आणि बटण दाबून बंद केल्याशिवाय सुटका नसते. इथे कार्डाला मिळणारी वीज, उष्णता किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बघायचा.

सकाळी चालू केलं की डिस्प्ले येतच नाही, दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर येतो आणि एकदा आला की दिवसभर टिकतो. इथे रॅम, कार्डाचा स्लॉट किंवा मुख्य बोर्डावरचा छोटा गोल सेल बघायचा. पावसाळ्यात हे जास्त.

उजेड लुकलुकतो, विशेषतः गेमच्या मेनूत किंवा लोडिंगच्या वेळी. मॉनिटरची सेटिंग.

रंगीत ठिपके, चौकटी, फाटलेल्या रेघा. कार्डाची मेमरी किंवा मॉनिटरचं पॅनल, आणि या दोघांतलं कोण ते फुकटात कळतं.

सगळी मशीनच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर तो डिस्प्लेचा आजार नाही. तिथे थेट एसएमपीएसकडे (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) आणि घरच्या विजेकडे जा.

वहीचं एक पान आणि चार फुकट परीक्षा

काहीही उघडण्याआधी दोन दिवस वहीत लिहा. स्क्रीन गेली तेव्हा किती वाजले होते, कोणता गेम होता, घरात त्या क्षणी काय चालू किंवा बंद झालं, लाईट गेली-आली का. मला हे पान मिळालं की निम्मं काम झालेलं असतं. "रोज संध्याकाळी सातच्या पुढे" असं कुणी लिहून आणलं की मी कार्डाकडे बघतही नाही, आधी मोटारी आणि व्होल्टेज विचारतो.

पहिली परीक्षा कॅप्स लॉकची. स्क्रीन काळी असताना ते बटण दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र पोचत नाही. दिवा अडकला असेल तर आत सगळंच थिजलंय. या दोन वाटा पुढे कुठेच एकत्र येत नाहीत, म्हणून ही परीक्षा पहिली.

दुसरी: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. चित्र परत आलं तर दोष ड्रायव्हरच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते.

तिसरी ठिपक्या-रेघांसाठी. त्या दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलंय, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर कार्डाने चित्र नीट बनवलं, ते वाटेत किंवा मॉनिटरमध्ये बिघडलं.

चौथी: मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नसतो. मेनूही थरथरत असेल तर कॅबिनेट उघडायची गरजच नाही. स्क्रीन पूर्ण काळी पण पॉवरचा दिवा नेहमीसारखा असेल, तर अंधार करून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं की मागचा उजेड गेलाय, मॉनिटर दुरुस्तीला द्या.

केबल कुठे लावली आहे?

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये आहे ना, की वर उभ्या असलेल्या मदरबोर्डच्या (मुख्य बोर्डाच्या) पोर्टमध्ये? साफसफाईनंतर ही चूक हमखास होते. तिथे लावली तर गेम संथ चालतो, आणि ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे त्याला स्वतःचं ग्राफिक्सच नसल्यामुळे काहीच दिसत नाही.

मग मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही बंद करून केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा. डिस्प्लेपोर्टच्या प्लगला बहुधा खटका असतो, तो न दाबता ओढू नका, पोर्ट उखडतो. एचडीएमआयला खटका नसतो, म्हणून टेबल हललं, कुणाचा पाय लागला, की तो केसभर सरकतो. डोळ्याला बसलेला दिसतो, पण बसलेला नसतो.

आता मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, १४४ वरून ६० हर्ट्झवर आणून एक दिवस वापरा. त्रास थांबला तर केबल जवळजवळ पकडलीच समजा. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला ६० हर्ट्झवर जेवढी माहिती लागते, त्याच्या चौपटीहून जास्त माहिती १४४० पिक्सेलला १४४ हर्ट्झवर लागते. बैलगाडीच्या वाटेवरून ट्रॅक्टर जाईल, पण भरधाव ट्रक नाही. एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, २.० ची १८ आणि २.१ ची ४८. सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली जुनी केबल गेमिंग मॉनिटरला लावली की ती कुठेतरी श्वास सोडतेच. दोन मीटरच्या आतली, 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' असं लेबल असलेली केबल आणा. खर्च काहीशे रुपये.

डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलींत आणखी एक खोड असते. २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि साध्या केबलमध्ये ही पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी असा नियम आहे. काही केबलींत ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून उलटी वीज कार्डात शिरते आणि कॉम्प्युटर चालू व्हायला कुरकुरतो. केबल काढून चालू केलं की मशीन लगेच सुरू होते, लावून केलं की अडते, असं दिसलं तर हेच कारण.

लुकलुकण्याचा त्रास असेल तर जी-सिंक किंवा फ्रीसिंक (गेमच्या वेगाशी मॉनिटर जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा. गेमचे फ्रेम वरखाली झाले की त्याबरोबर रिफ्रेश रेट बदलतो, आणि व्हीए नावाच्या प्रकारच्या पॅनलच्या मॉनिटरमध्ये तो बदल उजेडात दिसतो. हा बिघाड नाही, त्या पॅनलचा स्वभाव आहे.

कूलर, बोर्ड आणि अर्थिंग

आता ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. इंटरनेटवरच्या बाहेरच्या माहितीत हे फारसं नसतं, कारण तिथे एप्रिलमध्ये खोलीत कूलर नसतो.

जिंतूर रोडच्या एका मुलाची मशीन माझ्याकडे तीनदा आली. दुकानात चार-चार तास गेम चालवला, एकदाही स्क्रीन गेली नाही. तिसऱ्यांदा मी त्याच्या घरी गेलो. खोलीत टेबलाखाली एकच एक्स्टेंशन बोर्ड, त्याला कॅबिनेट, मॉनिटर आणि खिडकीतला कूलर. मी खुर्चीवर बसलो, त्याला म्हटलं गेम लाव. दहा मिनिटं काही झालं नाही. मग त्याच्या आईने आत येऊन कूलर बंद केला. बटणाच्या फटीत निळी ठिणगी दिसली आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी. दोन सेकंदांनी परत. "काकू, पुन्हा चालू-बंद करा." पुन्हा काळी. पाच वेळा केलं, चार वेळा गेली.

मोटारीची वीज तोडली की तिच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा ठिणगी होऊन बाहेर पडते. त्या झटक्याची लाट तारेतून आणि हवेतून पसरते. केबलचं आवरण कमकुवत असलं की ती लाट सिग्नलमध्ये मिसळते, मॉनिटर आणि कार्ड यांचा संवाद तुटतो आणि पुन्हा जुळायला दोन-तीन सेकंद जातात. काही ऑफिसच्या खुर्च्यांवरून उठताना-बसताना गॅसच्या दांड्यामुळे स्थिर विजेचा असाच झटका बसतो आणि स्क्रीन मिचकते. ऐकायला खोटं वाटतं, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मुलाला मी कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डावर घ्यायला लावला आणि चांगली केबल दिली. त्यानंतर ती मशीन माझ्याकडे आली नाही.

म्हणून दोन दिवस कूलर, मिक्सर, पाण्याची मोटार, सगळं कॉम्प्युटरच्या बोर्डापासून वेगळं करून बघा. कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट येत असेल तर तोही वळवा. गवत खराब झालं की कूलर बारीक थेंब फेकतो, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी वाळलं की काय पांढरं साचतं ते कूलरच्या टाकीत बघा. तेच मदरबोर्डवर नको.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला की मुंग्या येतात का? अनवाणी पायाने जास्त? ते मोघम 'शॉक मारतंय' म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळायला एक फिल्टर असतो. तो फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेला असतो. अर्थच नसेल तर कॅबिनेटचा सांगाडा मध्येच लोंबकळतो, साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी थोडा असतो, पण मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर असेल, किंवा मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल आणि त्याला छतावरच्या डिशची केबल असेल, तर हा प्रवाह एचडीएमआयच्या आवरणातून वाट काढतो. स्क्रीन मिचकते, आणि चालू मशीनमध्ये केबल लावताना पोर्ट जळू शकतो. एचडीएमआय दोन्ही बाजू बंद करूनच लावा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आपल्याकडे हा प्रश्न उन्हाळ्यात चिघळतो, त्याचं कारण पायाखाली आहे. काळी माती वाळली की आकसते, हातभर भेगा पडतात. अर्थिंगचा पाइप किंवा पट्टी ज्या मातीत पुरलेली, ती माती तिच्यापासून सुटते. वाळलेली माती वीज वाहून नेत नाही. जूनमध्ये ठीक असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावालाच उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी टाका. यासारखा स्वस्त उपाय या अख्ख्या लेखात दुसरा नाही.

मल्टिमीटर वापरायची सवय असेल तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूप कमी किंवा नाचत असेल तर अर्थ नाही. सवय नसेल तर सॉकेटमध्ये तारा घालू नका, वायरमनला बोलवा. आणि एक कळकळीने सांगतो: काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'अर्थिंग करून दिलं' म्हणतात. मुंग्या थांबतात, पण कधी न्यूट्रल तुटला तर अख्ख्या कॅबिनेटवर पूर्ण फेज येतो. असं कुणी केलेलं दिसलं तर आजच काढून घ्या.

घरातले बल्ब कधी एकदम प्रखर, कधी मंद होत असतील तर कॉम्प्युटर सोडा, मेन स्विच बंद करा. डीपीकडचा किंवा घरात येणारा न्यूट्रल सुटत असतो, आणि तेव्हा घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. थेट वीज कंपनीला कळवा.

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात स्क्रीन मिचकते किंवा मशीन बसते. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉट मिळतात, तेही बॅटरी नवी असेपर्यंत. गेम बंद असताना तो तग धरतो, गेम चालू असताना धरत नाही. दोष यूपीएसचा असतो आणि शिव्या कार्डाला मिळतात.

ड्रायव्हर

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि स्क्रीन गेली त्या वेळेची नोंद बघा. ४१०१ हा क्रमांक दिसला तर ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. विंडोज कार्डाची वाट साधारण दोन सेकंद बघतं, मग हा उपाय करतं. ४१ क्रमांक असेल तर मशीन नीट बंद न होता गेली. बहुतेकदा ते विजेचं, पण थिजलेली मशीन तुम्ही बटण दाबून बंद केली तरी हाच क्रमांक येतो.

४१०१ येत असेल तर ड्रायव्हर स्वच्छ काढून टाका. नवीन ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा प्रोग्रॅम चालवा, मग नवीन बसवा. इंटरनेट तोडायचं अशासाठी की मधल्या वेळात विंडोज स्वतःहून त्याच्या पसंतीचा ड्रायव्हर घुसवतं. ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं असेल, तर ते काढून टाका. जानेवारीत टिकलेलं ओव्हरक्लॉक मेमध्ये टिकत नाही.

उष्णता आणि कापूस

कार्डाचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढतं. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० दाखवत असेल, तर मेमध्ये पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत तेच कार्ड, तोच गेम, ८५ च्या घरात जाणार. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) दोन्ही बघा. दोघांत २५-३० अंशांहून जास्त फरक असेल, किंवा हॉटस्पॉट १०५ च्या पुढे जात असेल, तर आतली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली आहे किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) नीट टेकत नाही.

पण आधी धूळ. सेलू-मानवतकडे जिनिंगच्या जवळच्या घरांतून येणाऱ्या मशीन मी नुसत्या वासावरून नाही तरी उघडल्या उघडल्या ओळखतो. हीटसिंकच्या पात्यांवर कापसाच्या तुसाची अख्खी गादी बसलेली असते, बोटाने उचलली की चादरीसारखी निघते. कॅबिनेट अंगणात न्या, वायर सगळ्या काढा, ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरून बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

झाकण उघडल्यावर

मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग हात घाला.

सकाळी डिस्प्ले न येणाऱ्या मशीनमध्ये आधी रॅम. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नसेल तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने, आणि रबराचे कण झटकून टाका. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा. मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) अशी नावं असलेले चार छोटे दिवे असतील तर कोणता अडकलाय ते बघा, तो सरळ बोट दाखवतो. सेल साधा सीआर२०३२, ३ व्होल्टचा. रोज घड्याळ मागे पडत असेल तर बदलून टाका. मात्र डीडीआर५ रॅमच्या नवीन मशीनमध्ये, विशेषतः एएमडीच्या एएम५ प्रकारच्या मदरबोर्डमध्ये, सेल काढल्यावर पहिल्यांदा चालू होताना रॅम जुळवायला काही मिनिटं लागतात. स्क्रीन काळीच राहते. घाबरून मध्येच बंद करू नका, थांबा.

मग कार्ड. जड कार्ड कालांतराने पुढच्या बाजूने वाकतं आणि स्लॉटमधून एक कोपरा उचलला जातो. खटका दाबून बाहेर काढा, टोकं पुसा, सरळ बसवा, स्क्रू घट्ट करा, खाली आधार द्या.

आणि आता मामांची मशीन. कार्डाला आठ पिनांचा एक प्लग होता. मुलाने गेम लावला, वीस मिनिटांनी स्क्रीन गेली, पंखे भणाणले. मी प्लग काढला आणि उजेडात त्याच्या तोंडात पाहिलं. आठ चौकोनी भोकं, प्रत्येकात एक चकचकीत पत्र्याची नळी. सात नळ्या एका पातळीत, आठवी पाव इंच आत सरकलेली. ती पिवळ्या तारेची, म्हणजे १२ व्होल्टची होती. लावताना ती कार्डाच्या पिनेला टेकत होती, न टेकल्यासारखी. आठ पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीनच तारा असतात आणि त्यांतून १५० वॉटपर्यंत जायचं असतं. एक सुटली की भार बाकीच्या दोघींवर. डेस्कटॉपवर काही कळत नाही, गेममध्ये कार्डाने ओढ घेतली की बैठक. मागून ढकलून नळीचा काटा 'टक्' करून अडकेपर्यंत बसवली, तार हलकेच ओढून पाहिली. प्लास्टिक तपकिरी झालेलं नव्हतं, म्हणून तोच प्लग ठेवला. तीन तास गेम चालला. मामांनी किती झाले विचारलं, मी १५० रुपये घेतले.

तुमच्या प्लगमध्ये हे बघाच. प्लास्टिक तपकिरी किंवा मऊ झालं असेल तर तो प्लग परत लावू नका. कार्डाला दोन प्लग असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायर आणा, एकाच वायरला फुटलेले दोन फाटे नकोत. सोळा पिनांचा (बारा आणि चार) नवा बारीक प्लग फट अजिबात न राहता आत गेला पाहिजे. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या वायर दुसऱ्याला कधीच लावू नका. तोंड जुळतं, आतल्या तारांचा क्रम जुळेलच असं नाही. चालू करताक्षणी मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क जाते.

उसनं आणून बघणं

इथपर्यंत येऊनही त्रास असेल तर मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघा. बायोसमधल्या (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. तो ११.४ ते १२.६ मध्ये असायला हवा हे खरं, पण कार्डाची ओढ क्षणभराची असते, ती त्या आकड्यात दिसत नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला, '४५० वॉट' लिहिलेला हलका डबा गेमिंग कार्डासाठी नसतोच.

त्यानंतर कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये. तिथेही तोच त्रास, तर आणि तरच कार्ड. कार्ड सेकंडहँड असेल तर आणखी एक विचार करा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग (कार्डं सतत राबवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. आरएक्स ५८० सारख्या कार्डांत मायनिंगसाठी बदललेला बायोस तसाच राहिलेला सापडतो, आणि त्याने गेममध्ये स्क्रीन जाते. मूळ बायोस टाकला की काही कार्डं सुधारतात. पण हे काम अनुभव असलेल्याकडूनच करून घ्या.

इथे थांबा

जळका वास आला, प्लग तपकिरी दिसला, सांगाड्याला मुंग्या येतात, तर मशीन बंद ठेवा. एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते. ती जीव घेऊ शकते, हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. बायोसच्या पहिल्या स्क्रीनपासूनच ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. वॉरंटी असेल तर कार्डाचा स्क्रू न काढता, सिरियल नंबरचं स्टिकर न उचकटता कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवा. वॉरंटी संपली असेल तर चिप पातळीवर काम करणाऱ्याला दाखवा आणि आधी विचारा: नेमका कोणता भाग गेला, काम झाल्यावर किती दिवसांची हमी. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे किंवा हीट गनने शेकायचे व्हिडिओ बघून ते करू नका. चाललं तरी काही दिवस चालतं, आणि मग दुरुस्त करणाऱ्याच्याही हातात काही उरत नाही.

अर्थिंगचा खड्डा आणि घरातलं वायरिंग परवानाधारक वायरमनचं काम. माझंही नाही.

दुकानात आणाल तेव्हा नुसतं कॅबिनेट आणू नका. माझ्याकडे अर्थिंग चांगलं, केबल चांगली, कूलर वेगळ्या लाईनवर, म्हणून तुमची मशीन इथे नीटच चालणार. तुमची स्वतःची डिस्प्ले केबल, पॉवरची वायर, जमलं तर तो एक्स्टेंशन बोर्डसुद्धा पिशवीत टाका. स्क्रीन जातानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ, आणि ते वहीचं पान.